ज्यू किशोरवयीन मुले आणि नागरी सहभागाचे शिक्षण : पुण्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
लोकशाहीत संख्येला महत्त्व असते. साहजिकच, ज्या समाजाची मते कोणत्याही मतदारसंघात निर्णायक ठरत नाहीत, त्याने आपले म्हणणे शासनापर्यंत कसे पोहोचवावे, हा प्रश्न उपस्थित होतो. २०११ च्या जनगणनेत भारतातील ज्यू धर्मीयांची संख्या पाच हजारांहून कमी होती. त्यांपैकी मोठा हिस्सा महाराष्ट्रातील मराठी भाषक बेने इस्रायलांचा आहे. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. जी येथे राहिली, त्यांच्या मुलांना नागरी सहभागाचे शिक्षण का व कोणते हवे, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

तेरा ते अठरा :
ज्यू परंपरेनुसार मुलगा तेराव्या वर्षी ‘बार मिट्झवा’ होतो, म्हणजेच आपल्या धार्मिक कर्तव्यांना स्वतः जबाबदार ठरतो. मताधिकार मात्र अठराव्या वर्षी मिळतो. १९८९ मध्ये ६१ व्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा २१ वरून १८ वर आणली. धर्माने जबाबदार मानलेले, परंतु मतदार नसलेले हे वय नागरी शिक्षणास सर्वाधिक अनुकूल होय. मत देता येत नसले तरी अर्ज वाचता व निवेदन लिहिता येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
बेने इस्रायलांच्या सार्वजनिक जीवनाचा पाया शाळेत घातला गेला. हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली शाळा सुरू झाली. पुढे रिबेका रूबेन यांनी तिचे मुख्याध्यापकपद दीर्घकाळ भूषविले. डॉ. ई. मोझेस हे १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर झाले. एवढ्या लहान समाजातील व्यक्तीस हे पद मिळाले, ते अर्थातच केवळ स्वसमाजाच्या मतांवर नव्हे.

अल्पसंख्याक दर्जा : एक पाठ
महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला. हा निर्णय मुलांना शिकविण्याजोगा आहे. राज्यघटनेचे ३० वे कलम अल्पसंख्याकांना शैक्षणिक संस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क देते. यासाठी अल्पसंख्याक कोण, हे राज्य हा घटक धरून ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात स्पष्ट केले. १९९२ च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायद्याखालील केंद्राच्या यादीत मात्र मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी व जैन हे सहाच समाज आहेत. त्यामुळे राज्याचा दर्जा मिळूनही केंद्राच्या योजनांचा प्रश्न उरतो. कोणती मागणी राज्याकडे व कोणती केंद्राकडे करावयाची, हे उमगणे हीच राजकीय पाठपुराव्याची पहिली पायरी होय.

जनगणनेचेही तसेच आहे. २०११ च्या अनुसूचीत सहा धर्मांना सांकेतिक अंक होते. इतरांच्या बाबतीत धर्माचे नाव पूर्ण लिहावयाचे होते. ते नीट लिहिले गेले की नाही, हे घरातील पंधरा वर्षांचा मुलगाही पाहू शकतो.

कोथरूडचे उदाहरण :
पुण्यातील सिनेगॉग कॅम्प व रास्ता पेठ या जुन्या भागांत आहेत. कॅम्पातील ‘लाल देवळा’ची उभारणी १८६७ मध्ये पूर्ण झाली. कोथरूडमध्ये राहणाऱ्या ज्यू मुलीचा प्रार्थनेचा पत्ता तेथे असला, तरी तिचा नागरी पत्ता कोथरूडच राहतो. तिचा विधानसभा मतदारसंघ, प्रभाग व क्षेत्रीय कार्यालय येथेच आहे. पुणे महानगरपालिकेने २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू केली. पदपथ वा पथदिव्याची मागणी करताना अर्जदाराचा धर्म गौण ठरतो. शेजाऱ्यांची साथ महत्त्वाची ठरते.

समारोप :
सारांश, अल्पसंख्य समाजाच्या मुलांना दुहेरी शिक्षणाची आवश्यकता आहे. स्वसमाजाचा हक्क कायद्याच्या आधारे मांडता यावा आणि वस्तीचा प्रश्न सर्वांसोबत सोडविता यावा. यांपैकी पहिलेच शिकविले, तर समाज एकाकी पडण्याचा धोका संभवतो; दुसरेच शिकविले, तर त्याची स्वतंत्र ओळख नोंदीतूनही पुसली जाण्याची शक्यता आहे. संख्येने लहान असलेल्या समाजाला दोहोंपैकी कोणतीही हानी परवडणारी नाही.