काळ्या पाषाणाच्या पोटात

जळगावच्या परिसरातील खडीच्या खाणीत सुरुंगाने फुटलेला काळा पाषाण हाती घेतला, तर त्यात हरभऱ्याएवढ्या, बोराएवढ्या पोकळ्या दिसतात, आणि जगभरच्या संग्राहकांनी मोलाने नेलेल्या ॲपोफिलाइट व स्टिल्बाइट या गारगोट्यांच्या शेजारी काहींत कॅल्साइटचे पांढरे स्फटिक लकाकतात. त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकताच तो फसफसतो. ते बुडबुडे कर्बवायूचे, म्हणजे दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यांतून आकाशात जाणाऱ्या वायूचेच.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या या काळ्या बेसाल्टात निसर्गाने सावकाश केलेले, कर्बवायूचा दगड करण्याचे कार्य मनुष्याला शीघ्र साधेल काय, याचा प्रयोग आइसलँडमध्ये 2012 साली झाला. पाण्यात विरघळवून भूगर्भात सोडलेल्या वायूने खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह मोकळे केले, आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांच्या आत त्याच्या 95 टक्क्यांहून अधिक भागाचा दगड झाला. नीती आयोगाच्या 2022 सालच्या अहवालात भारतीय बेसाल्टची साठवणक्षमता 97 ते 316 अब्ज टन अंदाजिली आहे, आणि खानदेशचा मुलूख तर याच खडकावर वसलेला.

परंतु या जमाखर्चात पाण्याचा रकाना कोरा ठेवून चालणार नाही. आइसलँडच्या रीतीने टनभर वायूस सुमारे 25 टन पाणी लागते; दीपनगरचा 500 मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला, तर ताशी साडेचारशे टनांच्या आसपास वायू निघतो, म्हणजे दर तासाला अकरा हजार टनांवर पाणी! ज्या यावल-रावेरात केळीसाठी बोअर दरसाल अधिक खोल न्यावी लागते, तेथे ही मागणी कोणत्या तोंडाने करावी? शिवाय धुरातून वायू वेगळा करणारी अमाइन द्रावणे पुनःपुन्हा तापविण्यास केंद्राचीच वाफ खर्ची पडते.

म्हणून मला अमेरिकेतील वालुला येथील मार्ग अधिक आशादायक वाटतो. तेथे 2013 साली सुमारे हजार टन वायू पाण्यात न मिसळता, दाबाखाली, खोल बेसाल्टात सोडला गेला, आणि दोन वर्षांनी काढलेल्या खडकाच्या नमुन्यांत कार्बोनेटचे नवे स्फटिक आढळले. मात्र त्यासाठी वरचा थर घट्ट असावा लागतो. आणि धुळे जिल्ह्यात तर लाव्ह्याचे आडवे थर छेदीत मैलोगणती धावणाऱ्या डाइकांच्या काळ्या भिंती जागोजागी उभ्या आहेत. त्या भिंती वायूला अडवतील की त्यांच्या फटींतून तो वर येईल, हे दफ्तरातल्या नकाशावरून ठरणारे नाही. त्यासाठी तेथेच खोल वेधन करून खडकाचे नमुने वर काढावे लागतील.