रंग कंपनीचा, मांडव आपला

मैत्रिणींनो, ब्लाऊजपीस घ्यायला गेलो की आपण काय करतो? साडी आणि पीस दोन्ही उचलून मॅचिंग सेंटरच्या काउंटरवरून थेट दुकानाच्या दारात, उजेडात येतो. दुकानदार आतून सांगत असतो, ‘ताई, तोच शेड आहे हो!’ आपण ऐकून घेत नाही. पदराला पीस लावायचा, मान जराशी तिरकी करायची आणि म्हणायचं, ‘अंहं, हा पिवळट मारतोय.’ घरातल्या पुरुषमंडळींना यात वैतागच दिसतो. पण हे जे आपल्याला कळतं ना, त्याचे हल्ली पैसे मिळतात!

आमच्या तालुक्याच्या गावात मी डेकोरेशनची कामं घेते. सुरुवात झाली ती बारसं, डोहाळजेवण, हळदीच्या मांडवापासून. मग दुकानांची उद्घाटनं यायला लागली, पतसंस्थेचा वर्धापनदिन, गाड्यांचं शोरूम, क्लासवाल्यांचे गुणगौरव समारंभ. आणि त्यांच्यासोबत एक नवंच वाक्य आलं, ‘ताई, सगळं आमच्या कंपनीच्या कलरमध्ये पाहिजे.’

यात नवल वाटण्यासारखं काही नाही. अक्षरओळख नसलेली माझी आजी लांबून लाल ठिपका दिसला की पिशवी उचलायची. एसटी आली, हे तिला पाटी न वाचता कळायचं. कंपन्यांना हवं असतं ते एवढंच, नाव वाचण्याआधी रंगानं ओळख पटावी. त्यासाठी त्या कोर्टातही जातात. आपल्याकडच्या १९९९च्या ट्रेड मार्क्स कायद्यात रंगांची जोडी हीसुद्धा व्यापारचिन्हात धरली आहे. २००३ साली कोलगेटनं अँकरच्या दंतमंजनाच्या लाल-पांढऱ्या डब्यावरून दिल्ली उच्च न्यायालय गाठलं आणि न्यायालयानं त्या वेळी कोलगेटच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला. अमेरिकेत टिफनी म्हणून दागिन्यांची जुनी पेढी आहे, तिच्या निळसर डबीच्या रंगाला पॅन्टोन या रंगांचे क्रमांक ठरवणाऱ्या कंपनीनं १८३७ हा क्रमांक दिलाय. का, तर पेढी सुरू झाली ते साल १८३७! म्हणून कोणी ‘आमचाच निळा पाहिजे’ म्हणालं तर हसू नका. मात्र तो नक्की कुठला निळा, हे त्याच्याकडून काढून घ्या.

इथेच खरी गंमत सुरू होते. गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर लोगो पाठवतं आणि मोकळं होतं. तो लोगो माझ्या मोबाइलवर मोरपंखी दिसतो, मुलीच्या मोबाइलवर रामा आणि फ्लेक्स छापून आला की तिसराच काहीतरी. स्क्रीनवरचा रंग उजेडाचा असतो, छापलेला शाईचा. दोघांची जात वेगळी. म्हणून मी पहिल्याच भेटीत कंपनीचं छापलेलं काहीतरी मागून घेते, व्हिजिटिंग कार्ड, माहितीपत्रक, निदान कॅरीबॅग तरी. फ्लेक्सवाल्यासाठी छपाईच्या चार शायांचे आकडेही मागते. हेड ऑफिसच्या पुस्तिकेत ते बहुतेक वेळा असतात, मालकाला माहीत नसतं इतकंच. पण कापडाला आणि फुलांना कुठला आलाय आकडा? तिथे आपली मॅचिंग सेंटरची विद्या. कार्ड घ्यायचं, सॅटिन किंवा टफेट्याचे तुकडे घ्यायचे आणि दारात यायचं.

एवढ्यावर थांबू नका. कार्यक्रम संध्याकाळचा असेल तर तोच तुकडा हॉलमधल्या दिव्यांखाली धरून बघा. पिवळ्या दिव्याखाली छान जांभळा रंग मातकट वांगी होतो. लाल दिवा निळ्या पडद्यावर टाकला तर पडदा जवळजवळ काळा दिसतो. आणि रंगीत एलईडी दिवे स्टेजवरच्या माणसांवर मारायचा हट्ट बऱ्याच जणांना असतो, तो मी मोडूनच काढते. निळ्या उजेडात प्रमुख पाहुणे आजारी दिसतात हो! रंग मागच्या भिंतीवर टाकायचा, माणसांच्या तोंडावर साधा पांढरा उजेड. फोटो वर्षानुवर्षं राहतात.

आता प्रश्न किती रंग वापरायचा. मालकांना वाटतं, पैसे दिलेत तर खुर्चीच्या कव्हरपासून पेढ्यांच्या बॉक्सपर्यंत सगळं त्याच रंगाचं हवं. शिकलेले डेकोरेटर साठ-तीस-दहा असं प्रमाण सांगतात. साठ भाग शांत रंग, तीस भाग जोडीचा आणि दहा भाग उठून दिसणारा. मी गिऱ्हाइकाला एवढं गणित सांगत नाही. मी म्हणते, ‘साहेब, पैठणीला काठ असतो म्हणून ती पैठणी. अख्खी साडी काठाचीच विणली तर?’ मोतिया किंवा बदामी पडदे, त्यावर कंपनीच्या रंगाचा पट्टा, स्वागताच्या टेबलावर तोच रंग, कर्मचारी मुलींच्या ओढण्यांना तोच. बास. लोगोची रांगोळी मात्र मी काढत नाही. येणारा-जाणारा त्यावर पाय देणार, मग मालकाचं तोंड उतरणार. रांगोळी आपली नेहमीची घालावी, रंग तेवढे त्यांचे भरावे.

फुलांच्या बाबतीत निसर्ग कुणाच्या हेड ऑफिसचं ऐकत नाही. पिवळ्या-केशरीला झेंडू आहे, पांढऱ्याला शेवंती आणि गुलछडी, जांभळ्या-गुलाबीला अॅस्टर. निळं फूल मात्र आपल्या बाजारात शोधून दमायला होतं. रंगात बुडवलेली निळी फुलं मिळतात, पण पाणी लागलं की रंग हाताला येतो आणि हातावरून पाहुण्यांच्या शर्टाला. निळ्या कंपनीसाठी फुलं पांढरी आणि रिबन निळी, हे माझं ठरलेलं आहे.

हे सगळं जमवता येतं. जिथे खरी कसोटी लागली ते काम सांगते. आमच्याकडच्या एका मुलीनं नावाजलेल्या ब्युटी पार्लरची शाखा घेतली. कर्ज काढून, आणि सासूबाईंच्या पाटल्या गहाण ठेवून. कंपनीचे रंग काळा आणि सोनेरी. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आम्ही दाराला काळ्या सॅटिनची झालर लावत होतो, तेवढ्यात सासूबाई आल्या. वर बघितलं आणि पायरीवरच थांबल्या. ‘सूनबाई, काळ्याखालून मी लक्ष्मीचा फोटो आत नेणार नाही. तुमचं तुम्ही उरका.’ त्या रागावल्या नव्हत्या, हेच अवघड होतं. शहरातून आलेला कंपनीचा तरुण अधिकारी म्हणाला, ‘मॅडम, एंट्रन्स ब्लॅक-गोल्डच लागेल, मला फोटो वर पाठवायचेत.’ आणि ती पोरगी दोघांच्या मध्ये उभी. एकीकडे पाटल्या, दुसरीकडे करार.

मी पोरांना झालर उतरवायला सांगितली. काळा रंग सगळा आतल्या मागच्या भिंतीवर नेला, आरशांच्या पाठीमागे, आणि मुलींच्या एप्रनवर. तिथे तो शोभलाही, कारण काळ्यापुढे सोनेरी झळकतं. दाराला सोनेरी टिशूची झालर, पिवळ्याधमक झेंडूच्या माळा आणि मधोमध आंब्याच्या पानांचं तोरण. अधिकाऱ्याची नजर तोरणावर. ‘हा ग्रीन आमच्या गाइडलाइनमध्ये नाही.’ मी म्हटलं, ‘दादा, पूजा नऊला आहे, तुमचे साहेब अकराला. साडेदहाला तोरण आत गल्ल्यावर जाईल आणि दाराला काळी-सोनेरी फीत येईल. तुमचे फोटो तेव्हा काढा.’ तो जरा घुटमळला, फोनवर बोलून आला आणि ‘चालेल’ म्हणाला. सकाळी सासूबाईंनी स्वतः उंबऱ्यावर हळद-कुंकू वाहिलं. दुपारच्या फोटोतही त्या आहेत, बरोबर काळ्या भिंतीसमोर. चॉकलेटी इरकल नेसून, हसत.

काळ्याचं असं, तर बाकीच्या रंगांचं वेगळंच. भगवा, हिरवा, निळा यांना आपल्या गावात आधीच अर्थ चिकटलेले असतात. निवडणुकीच्या दिवसांत नुसत्या एका रंगाचा मांडव घातला की चहाच्या टपरीवर चर्चा सुरू, ‘कोणाची सभा आहे?’ अशा वेळी लोगोतला दुसरा रंग शोधून त्याची जोडी लावायची. दोन रंग आले की तो कंपनीचा कार्यक्रम वाटतो.

आणि हो, पैशांचं आधीच बोला, ते बोलायला आपण फार लाजतो. मोतिया पडदे वर्षभर कुठेही वापरता येतात, त्यांचं भाडं लावायचं. पण एखाद्याच्या खास रंगाचं कापड पुन्हा कोणाच्या कामी येईल याची खात्री नसते. ते भाड्यात धरू नका. त्याची पूर्ण किंमत आगाऊ घ्या आणि कार्यक्रम झाला की कापड त्यांच्या हवाली करा. रंगाच्या तुकड्यावर मालकाची सही घेऊन तो वहीत पिनने टाचून ठेवा, म्हणजे ऐनवेळी ‘हा आमचा रंगच नाही’ म्हणायची सोय राहत नाही. माझ्या अशा तीन वह्या भरल्यात. कापड न्यायला मात्र सगळेच येतात असं नाही. या क्षणी माझ्या कपाटात सात मीटर गडद जांभळा टफेटा पडून आहे. कोणाची कंपनी जांभळी असली तर सांगा, स्वस्तात देईन!