खेळ बंद झाल्यानंतरचे घर

२०२५ सालच्या गणेशोत्सवातील गोष्ट. माझ्या गोरेगावच्या दवाखान्यात एक सेवानिवृत्त गृहस्थ आले. वय सत्तरीच्या घरात. कैक वर्षे एकाच गोळीवर त्यांचा रक्तदाब आटोक्यात होता; त्या दिवशी तो १८०/१०४ भरला. मीठ वाढले का, गोळी चुकली का, असे नेहमीचे प्रश्न मी विचारले. ‘तसं काही नाही,’ एवढेच उत्तर मिळाले. मी एक गोळी वाढवून दिली. पंधरा दिवसांनी आकडा जवळपास तोच. मी मात्रा वाढवली. तिसऱ्या खेपेस त्यांच्या पत्नी सोबत होत्या. पट्टा गुंडाळत असताना त्या हळूच म्हणाल्या, ‘गोळीनं काय व्हईल, डॉक्टरसाहेब? पोरगं रातभर जागतंय, अन् त्याच्या पायी ह्यांचाबी डोळा लागत नाही.’

तेव्हा कुठे सारे बाहेर आले. मुलगा तीन वर्षांपासून मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळत होता. हळदीच्या पट्टीचे पैसे गेले, सुनेचे दागिने गहाण पडले, वडिलांच्या सेवानिवृत्तीच्या रकमेलाही हात लागला. ऑगस्टमध्ये सरकारने हे खेळ बंद केले, तेव्हा ‘बला टळली’ म्हणून आईने देवापुढे साखर ठेवली. आणि नेमका त्यानंतरच मुलगा अधिक बिघडला. (ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

वाचकहो, त्या दोन भेटींत मी केवळ आकड्यावर उपचार केला, माणसाला विचारले नाही. ही चूक माझी. परंतु त्या घराने मला जे शिकवले, ते आपल्यापर्यंत पोहोचावे म्हणून हा लेख.

कायद्याने काय केले?

पोकर हा आपल्या तीन पत्तीचाच परदेशी भाऊबंद. प्रचलित प्रकारात प्रत्येकाच्या हाती दोन झाकलेले पत्ते आणि मध्ये टप्प्याटप्प्याने उघडणारी पाच पाने; प्रत्येक टप्प्यावर पैसे वाढवीत जायचे किंवा डाव सोडायचा. अशा खेळांत कौशल्य किती आणि नशीब किती, हा वाद जुना आहे. महाराष्ट्रात लागू असलेला जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा. त्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला. याच आधारावर मोबाइलवरील पत्त्यांचा व्यवसाय फोफावला.

संसदेने २० आणि २१ ऑगस्ट २०२५ रोजी नवा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. या कायद्याने तो भेदच पुसला: खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळविणे निषिद्ध. खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. या खेळांत दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक मिळून २०,००० कोटी रुपये गमावतात, असा शासनाचा अंदाज त्या वेळी प्रसिद्ध झाला होता. मोठ्या कंपन्यांनी त्याच आठवड्यात पैशांचे डाव थांबवले. काहींनी या कायद्याला न्यायालयात आव्हानही दिले.

आपल्यासाठी त्यातील एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. हा कायदा खेळणाऱ्याला गुन्हेगार मानत नाही. तो त्याला बळी पडलेला समजतो. म्हणून ‘डॉक्टरांना सांगितले तर पोलीस येतील’ ही भीती मनातून काढून टाकावी.

आशा तुटते तेव्हा

गावातील पत्त्यांच्या डावाला आपोआप मर्यादा पडते. खिसा रिकामा होतो, कोणाला पहाटे पाणी द्यायला शेतावर जायचे असते, कोणाच्या घरून बोलावणे येते. मोबाइलमधील डावाला रात्र नाही, दिवस नाही, आणि नोट हातातून सुटताना दिसत नाही. बक्षीस नेमके केव्हा मिळेल हे ठाऊक नसते, तेव्हा मेंदू त्याची वाट सर्वाधिक आतुरतेने पाहतो. जिंकण्याच्या अपेक्षेनेच डोपामिन हे रसायन स्रवते. ‘थोडक्यात हुकले’ हासुद्धा मेंदूला जवळजवळ विजयच वाटतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, जुगाराची विकृती दारू आणि अन्य व्यसनांच्याच प्रकरणात नोंदलेली आहे.

दारू एकाएकी थांबली की जसा त्रास होतो, तसा येथेही होतो: चिडचिड, निद्रानाश, येरझाऱ्या, कामात लक्ष नसणे. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. परंतु याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. जोवर खेळ चालू असतो, तोवर हरलेला माणूस ‘उद्या सारे परत मिळवीन’ या एका वाक्यावर जगत असतो. खेळ बंद झाला की ते वाक्यच नाहीसे होते. कालपर्यंत जी रक्कम ‘अडकलेली’ होती, ती आज ‘बुडालेली’ ठरते. घरातील सर्वजण सुटकेचा श्वास घेतात, त्याच दिवशी तो माणूस आपले नुकसान प्रथमच पूर्णपणे पाहतो. घर आनंदात आणि तो एकटा, असे ते दिवस असतात. बंदी आवश्यक होती, असे माझे मत आहे. परंतु बंदीनंतरचे हे दिवस कोणीतरी सांभाळायचे असतात, आणि ते काम कायदा करू शकत नाही.

काहीजण या काळात वाट बदलतात. कोणी परदेशातून चालणाऱ्या बेकायदा संकेतस्थळांकडे वळतो, कोणी क्रिकेटच्या सट्ट्याकडे, कोणी ‘आता शेअर बाजार शिकतो’ असे सांगून वायद्यांत पैसे घालतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत वायदे बाजारातील दहांपैकी नऊहून अधिक वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांना तोटा झाला. नाव बदलले तरी ओढ तीच असते.

ज्येष्ठांच्या शरीरावर होणारा परिणाम

मुलाच्या व्यसनाचा आकडा अनेकदा आईवडिलांच्या तपासणीत दिसतो. सततच्या काळजीने रक्तदाब आणि साखर वाढते, झोप तुटते, छातीत धडधड होते. पैशांची ओढाताण सुरू झाली की ज्येष्ठ माणसे गुपचूप स्वतःच्या औषधांत काटकसर करतात. रोजची गोळी एक दिवसाआड घेऊ लागतात. कृपया असे करू नका. खर्च परवडत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. स्वस्त पर्याय असतात, आणि रक्तदाब व मधुमेहाची नेहमीची औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत मोफत मिळण्याची सोय आहे.

आणखी एक बाब काळजीवाहकांनी अवश्य लक्षात ठेवावी. हे खेळ केवळ तरुणच खेळत नाहीत. दुपारच्या एकटेपणात निवृत्तिवेतनधारकही खेळतात. विशेषतः कंपवाताच्या रुग्णांना दिली जाणारी प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल यांसारखी औषधे काही रुग्णांत जुगाराची अनावर ओढ निर्माण करतात, हे वैद्यकशास्त्रात सिद्ध झालेले आहे. आयुष्यभर पै-पै जपणारे आजोबा अचानक पैसे लावू लागले, तर त्यांना दोष देण्यापूर्वी औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ती एकाएकी थांबविणे धोक्याचे असते.

घराने काय करावे?

प्रथम, शांतपणे दोन प्रश्न विचारावेत. ‘अधिकाधिक पैसे लावावेसे वाटत होते का?’ आणि ‘किती लावले, याविषयी घरच्यांशी खोटे बोलावे लागले का?’ एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आरडाओरडा किंवा शपथा यांचा उपयोग होत नाही. विचारांची सवय बदलणारे समुपदेशन या आजारात गुणकारी ठरते, आणि गरज भासल्यास औषधेही देता येतात.

दुसरे, सर्व कर्जांची यादी एकदाच, एका कागदावर, त्याच्याच हाताने लिहून घ्यावी. सावकार, बँक, मित्र, मोबाइलवरील कर्जाची ॲप्स, सारे त्यात यावे. मुदत ठेव मोडून तडकाफडकी सर्व देणे फेडू नये. अशी सुटका वारंवार होऊ लागली की आजारही वारंवार उलटतो.

तिसरे, आपले एटीएम कार्ड, पिन आणि ओटीपी आपल्याच जवळ ठेवावेत. प्रेमापोटी जामीन राहू नये, कोऱ्या कागदावर सही करू नये. ‘खेळात अडकलेले पैसे परत मिळवून देतो’ असे सांगणारा फोन आला तर तो नवी फसवणूक समजावा. पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

चौथे, आपल्या भागात पैसा हंगामाने येतो. सोयाबीनची विक्री झाली की, आणि पुढे हळद बाजारात गेली की, खात्यात एकदम रक्कम जमा होते. ओढ उलटण्याचा धोका त्या आठवड्यांत अधिक असतो. ती रक्कम काही काळ घरातील दुसऱ्या जबाबदार व्यक्तीच्या खात्यात जमा होईल, अशी व्यवस्था त्याच्या संमतीने आधीच करावी.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे. ‘माझ्यामुळेच सारे झाले’, ‘मी नसतो तर बरे’ असे शब्द कानी आले तर ते दुर्लक्षू नयेत. ‘जीव नकोसा वाटतो का?’ असे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही, उलट मन मोकळे होते. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये. फवारणीची औषधे घरात ठेवू नयेत. ठेवावी लागलीच तर कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे चोवीस तास मराठीतूनही बोलता येते. ज्येष्ठांना स्वतःसाठी आधार हवा असेल तर एल्डरलाइनचा क्रमांक १४५६७ आहे.

आता त्या घराविषयी. मुलाने मानसोपचार सुरू केले आहेत. मधे एकदा त्याचा तोल गेला; पण या वेळी त्याने ते स्वतःहून आईला सांगितले. दागिने अजून सुटलेले नाहीत. वडिलांचा रक्तदाब मागच्या भेटीत १४२/८६ होता आणि वाढवलेल्या गोळ्यांपैकी एक मी कमी करू शकलो.

माझ्या टेबलावर मात्र एक बदल कायमचा झाला आहे. जुन्या रुग्णाचा रक्तदाब कारणाशिवाय चढलेला दिसला, की मी आता मीठ आणि गोळी यांच्या आधी विचारतो, ‘घरी सगळे झोपतात ना?’ आपणही आपल्या घरात हा प्रश्न विचारून पाहा. रात्री उशिरा एखाद्या खोलीत उजेड दिसला, तर दार ठोठवा आणि रागावण्यापूर्वी थोडा वेळ शेजारी बसा.