‘उभे करणे’, ‘थांबविणे’ आणि ‘लावणे’ : नगरच्या रस्त्यांवरील एका नियमाची भाषा

पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसलेल्या अहमदनगर शहरास २०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळाले. कापडबाजार, मोची गल्ली या जुन्या पेठांतील रस्ते मात्र मोटारीपूर्वीच्या काळाचे, अरुंदच आहेत. अशा ठिकाणी वाहन कोठे ठेवावे, या नियमास विशेष महत्त्व येते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ अन्वये वाहनांच्या जागा राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा ठरविते. त्यासाठी स्थानिक संस्थेशी, म्हणजे येथे २००३ साली स्थापन झालेल्या महानगरपालिकेशी, विचारविनिमय अपेक्षित आहे.

यांतील निषेध दोन प्रकारचे आहेत. निळ्या वर्तुळावरील एक तिरपी लाल रेघ वाहन ठेवून जाण्यास मनाई करते. परस्परांस छेदणाऱ्या दोन रेघा क्षणभर थांबण्यासही. ‘वाहने उभी करू नयेत’ या शब्दांत हा भेद लोपतो. कारण उतारू उतरविण्यापुरती गाडी आपण ‘उभी’ करतो आणि दिवसभर ठेवलेली गाडीही ‘उभी’च असते. मग रिक्षावाल्याने कोणता अर्थ घ्यावा? चुकीचा घेतल्यास दंड त्यालाच भरावा लागतो.

वस्तुतः बोलभाषेने हा प्रश्न केव्हाच सोडविला आहे. ‘गाडी कुठे लावली?’ या प्रश्नातून ती ठेवून आल्याचाच बोध होतो. सबब पहिल्या निषेधासाठी ‘वाहन लावू नये’ व दुसऱ्यासाठी ‘वाहन थांबवू नये’ अशी योजना करावी. ‘लावणे’ हे क्रियापद घरगुती आहे, म्हणून ते पाटीवर वर्ज्य मानण्याचे कारण नाही.