सोयाबीनच्या मुळावरच्या गुलाबी गाठी

एक खोल श्वास घ्या बरं! आत गेलेल्या हवेत 78 टक्के नायट्रोजन होता. शेतकरी त्याला नत्र म्हणतात. पानं हिरवीगार व्हायला आणि दाण्यांत प्रथिनं भरायला पिकाला हाच नत्र लागतो. पण गंमत बघा, चहूकडे एवढा नत्र असूनही पीक उपाशीच! कारण हवेतल्या नायट्रोजनचे अणू जोडीजोडीने राहतात, आणि ती जोडी इतकी घट्ट असते की झाडाला काही केल्या फोडता येत नाही.

खताच्या कारखान्यात ती फोडतात. त्यासाठी तापमान 400 अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावं लागतं आणि दाबही प्रचंड द्यावा लागतो. आणि हेच काम रायझोबियम गटातले जिवाणू गार, ओल्या मातीत करतात!

मात्र त्यांना सोबत लागते ती सोयाबीन, तूर, हरभरा, भुईमूग अशा शेंगांच्या पिकांची. मूळ मातीत काही रसायनं सोडतं. जिवाणू ती ओळखतो आणि आपलं रसायन सोडून उत्तर देतो. मग मुळावरचा बारीक केस वळतो, जिवाणू आत शिरतो आणि तिथे गाठ धरते. झाड त्याला साखर पुरवतं, तो झाडाला नत्र देतो.

आता खरा पेच. नायट्रोजनची जोडी फोडणारं विकर ऑक्सिजन लागला की बिघडतं. पण जिवाणूला श्वासासाठी ऑक्सिजन तर हवाच! म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन असतं. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि बेताबेताने सोडतं. तुमच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच ते भावंड. म्हणून तर गाठ आतून गुलाबी दिसते! वनस्पतीत असं काही असावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायेरिंक यांनी 1888 मध्ये गाठींतून हे जिवाणू वेगळे करून वाढवले. आज जिवाणू खताचं पाकीट कृषी सेवा केंद्रात मिळतं. साधारण 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम खत गुळाच्या थंड पाण्यातून हलक्या हाताने चोळतात आणि बियाणं सावलीत सुकवून लगेच पेरतात. उन्हात ठेवलं तर जिवाणू मरतात, कारण ते जिवंत खत आहे. पाकीटही त्या-त्या पिकाचंच हवं. सोयाबीनचा जिवाणू हरभऱ्याच्या मुळाशी गाठ धरत नाही. पीक निघालं की मुळं आणि पाला मातीत कुजून थोडा नत्र पुढच्या पिकालाही मिळतो. हरभऱ्याचा बेवड चांगला, असं आजोबा म्हणतात ते यासाठीच.

पावसाळ्यात सोयाबीन फुलोऱ्यावर आलं की घरच्या मोठ्यांना विचारून एक रोप खुरप्याने मातीसकट काढा. उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतील. मूळ पाण्यात धुऊन एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर गाठीचं काम चालू आहे. हिरवट किंवा तपकिरी असेल तर ते थांबलं आहे.