हार्डविक हॉल : काउंटेसबाईंचे घर

इतिहासाच्या तासाला सरांनी जुन्या इंग्रजी घरांच्या नकाशांचे एक जाडजूड पुस्तक वर्गात फिरवले. मी डर्बीशायरमधल्या हार्डविक हॉलच्या पानावर अडकले. ते घर मी पाहिलेले नाही. पण नकाशावरूनही मालकिणीचा स्वभाव कळतो.

मालकीण एलिझाबेथ, श्रूझबरीची काउंटेस. साध्या जमीनदाराची मुलगी. चार लग्ने झाली, चारही नवरे तिच्याआधी गेले. शेवटचा नवरा 1590 साली वारला आणि त्याच सुमारास, साठी उलटल्यावर, बाईंनी हे घर बांधायला काढले. शेजारचे त्यांचे जुने घर अद्याप पुरे व्हायचे होते, तरीही! 1597 मध्ये त्या येथे राहायला आल्या. सहाही मनोऱ्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली 'ई. एस.' ही त्यांची आद्याक्षरे मुकुटासह उभी आहेत.

"पण वास्तुशिल्पी कोण, ते सांग बघू," सर म्हणाले. रॉबर्ट स्मिथसन, असे अभ्यासक मानतात. त्याच्या वॉलटन येथील स्मृतिशिलेवर वॉलटनच्या हवेलीचे नाव आहे, हार्डविकचे नाही. मला विचाराल तर घराची कल्पना बाईंचीच.

त्या काळी काच महाग, म्हणून मोठ्या खिडक्या म्हणजे ऐश्वर्याची जाहिरात. पण बाहेरच्या भिंतीत खिडक्याच खिडक्या केल्या, तर धुराडी न्यायची कुठून? येथे ती घराच्या पोटातल्या भिंतींत घातली आणि बाहेरची बाजू काचेसाठी मोकळी सोडली. दुसरी युक्ती दिवाणखान्याची. जुन्या इंग्रजी घरांत तो दर्शनी भिंतीला समांतर असे आणि त्यात एका टोकाने शिरावे लागे. येथे तो आडवा न ठेवता दारातून सरळ आत नेला आहे.

मजल्यांची रचना तर मोठी गमतीची. तळमजल्यावर नोकरचाकर व स्वयंपाकघर, पहिल्यावर बाईंचे राहणे, दुसऱ्यावर समारंभाची दालने व सुमारे 160 फूट लांबीचा सज्जा. वर जावे तशी छते उंच होतात, खिडक्याही. मानाच्या पाहुण्याला लांबलचक दगडी जिना चढावा लागे. मेजवानीची ताटेही त्याच वाटेने वर जात. ती गरम पोहोचत असतील का, कोण जाणे!

पुढे वारसांनी, डेव्हनशायरच्या ड्यूकांनी, चॅट्सवर्थ हे आपले मुख्य घर केले. हार्डविक मागे पडले, म्हणूनच फारसे बदलले नाही. 1959 पासून ते नॅशनल ट्रस्टकडे आहे.

घरातील सामानाची 1601 सालची यादी उपलब्ध आहे. एवढ्या हौसेने काचा बसवून घेतल्या खऱ्या. पण बाईंच्या निजण्याच्या खोलीत खिडक्यांपुढे टांगायची जाड पांघरुणे त्या यादीत नोंदलेली आहेत. डर्बीशायरचा हिवाळा कडक, आणि बाई तेव्हा सत्तरीच्या पुढे होत्या.