एवढ्याशा वर्तुळाचा शेजार

औरंगपुऱ्यातल्या एका वाचक ताईंचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे आणि संध्याकाळी गाण्याच्या क्लासलाही जाते. जूनमध्ये तिच्या पुस्तकांना कव्हरे घालताना ताईंच्या लक्षात आले, की जवळपास प्रत्येक विषयात तेच एवढेसे वर्तुळ भेटते. भौतिकशास्त्रात ते तापमानाच्या आकड्याच्या डोक्यावर, गणितात दोन अक्षरांच्या मधोमध, रसायनशास्त्रात डेल्टा एचच्या खांद्यावर, जीवशास्त्रात वंशावळीच्या आकृतीत आणि संगीताच्या वहीत तालाच्या मात्रेखाली. ताई विचारतात, हे सगळे एकच आहे का? शिवाय, जगातली अशी सारी वर्तुळे आपल्या शून्यातून निघाली असा मजकूर त्यांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरतो आहे. तो खरा मानायचा का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. सारी वर्तुळे शून्यातून निघालेली नाहीत. शून्याचा आपला वारसा एवढा भक्कम आहे की त्याला अशा फुगवट्याची गरजच नाही. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरातल्या इ. स. ८७६च्या शिलालेखात बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या ५० माळा असे आकडे कोरले आहेत. त्यांतली शून्ये आजच्यासारखीच गोल आहेत, शेजारच्या अंकांपेक्षा जराशी लहान. आपल्या नाणेघाटात मात्र त्याच्या कितीतरी आधी, सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात, २४,४०० कार्षापणांचे दान शून्याशिवाय लिहिले आहे. वीस हजारांना वेगळे चिन्ह, चार हजारांना वेगळे, चारशेंना वेगळे. मोठी संख्या लिहायला शून्य लागतेच असे नाही, हे त्या घाटातल्या भिंतीवर स्वच्छ दिसते.

तरीही पुस्तकांतले एक वर्तुळ खरोखरच शून्य असावे, आणि ते नेमके ज्याच्याविषयी कुणाला शंकाही येणार नाही ते आहे. अंशाचे चिन्ह. आपले छत्रपती संभाजीनगर सुमारे १९°५३′ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे पंचांगाच्या भाषेत १९ अंश ५३ कला. ज्योतिर्गणितात पूर्ण अंशाचे साठ भाग केले की कला आणि कलेचे साठ भाग केले की विकला. युरोपातले खगोलशास्त्रज्ञ लॅटिनमध्ये याला पहिले बारीक भाग आणि दुसरे बारीक भाग म्हणत. घड्याळातले मिनिट आणि सेकंद तिथूनच आले. पहिल्या भागणीला एक रेघ, दुसरीला दोन रेघा. मग ज्याची भागणी अजून झालेलीच नाही, त्या अख्ख्या अंशावर काय लिहायचे? शून्य! गणितातल्या चिन्हांचा इतिहास लिहिणारे फ्लोरियन काजोरी यांना हे चिन्ह आजच्या रूपात १५६९ साली छापलेल्या, गेम्मा फ्रिसियस यांच्या अंकगणिताच्या पुस्तकात सापडले, साठमान अपूर्णांकांवरच्या पुरवणीत. शून्य, एक, दोन अशी ती क्रमवारी आहे. एक साठांशाचा शून्यावा घात, एक साठांशाचा पहिला, एक साठांशाचा दुसरा. शाळेत वर्षानुवर्षे कोनमापकावर पाहिलेल्या त्या टिंबाएवढ्या वर्तुळात एवढे गणित दडलेले आहे, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

तापमानावरचे वर्तुळ याच चिन्हाचे उसने रूप. थर्मामीटरच्या नळीवर पायऱ्या आखल्या, त्यांनाही अंशच म्हटले आणि चिन्ह तेच आले. केल्विनच्या डोक्यावरही पूर्वी ते असे. १९६७-६८च्या वजन-मापांच्या तेराव्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ते काढून टाकले, कारण केल्विन हे मीटर किंवा किलोग्रॅमसारखे स्वतंत्र एकक ठरले होते. म्हणून २७३ केल्विन लिहिताना मुलीने मध्ये वर्तुळ काढले, तर परीक्षकाने ते खोडणे बरोबरच आहे.

रसायनशास्त्रातले वर्तुळ दिसायला हुबेहूब तेच, पण त्याचा अंशाशीही संबंध नाही आणि तापमानाशीही नाही. ‘हा आकडा प्रमाण अवस्थेतला आहे’ एवढेच ते सांगते. वर्गात सगळे ‘डेल्टा एच नॉट’ म्हणतात, त्यामुळे ते शून्य वाटते आणि मग प्रमाण अवस्था म्हणजे शून्य अंश असा घोळ होतो. जुन्या पुस्तकांत याच जागी मधून आडवी रेघ गेलेले वर्तुळ छापत. ती रेघ गळली आणि घोळ वाढला.

गणितात दोन फलांच्या मधोमध बसणारे वर्तुळ तर क्रिया सांगते. ‘एफ’ वर्तुळ ‘जी’ लिहिले की आधी ‘जी’ चालवायचे आणि जे निघेल त्यावर ‘एफ’. वाचायचे डावीकडून, करायचे उजवीकडून. कणीक मळण्याआधी पोळी लाटता येत नाही, तसा इथला क्रम बदलला की उत्तर बदलते. त्याच विषयात संख्यारेषेवर पोकळ वर्तुळ काढले की अर्थ पुन्हा निराळा: इथपर्यंत या, पण हा बिंदू धरू नका. चिकलठाण्याच्या वेधशाळेतून जाणाऱ्या हवामानाच्या नोंदी नकाशावर चढतात, तेव्हा प्रत्येक केंद्राच्या जागी असेच वर्तुळ असते. आभाळाचे आठ भाग कल्पून जितके ढगांनी भरले असतील तितके ते काळे करतात. पूर्ण पोकळ वर्तुळ म्हणजे निरभ्र आकाश. पेरणी झाल्यावर मराठवाड्यावर अशी पोकळ वर्तुळे ओळीने दिसू लागली, की नकाशा वाचता येणाऱ्याचा जीव खालीवर होतो.

संगीताच्या वहीवर जरा थांबतो, कारण तिथे एकाच विद्येत दोन मराठी माणसांनी या वर्तुळाला दोन वेगळी कामे दिली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या लिपीत सम गुणिलेच्या फुलीने दाखवतात आणि खाली शून्याने. तीनतालात नवव्या मात्रेखाली ते वर्तुळ येते. तिथे टाळी द्यायची नाही, हात हवेत फिरवायचा. आवाज मात्र बंद होत नाही. नवव्या मात्रेवर तबल्यावर ‘धा’च वाजतो, पुढच्या ‘तिं तिं ता’ला डग्ग्याची घुमार निघून जाते आणि ऐकणाऱ्याला कळते की अर्धे आवर्तन सरले. रूपकात तर समेवरच खाली असते. गाणे जिथे येऊन टेकायचे, तिथेच टाळी नाही. आता पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांची लिपी उघडा. तिथे स्वराखालचे शून्य अर्धी मात्रा दाखवते आणि खालीसाठी अधिकचे चिन्ह असते. भातखंडे मुंबईचे, पलुस्कर कुरुंदवाडचे, वयांत बारा वर्षांचे अंतर. एका परंपरेची वही दुसऱ्या परंपरेच्या विद्यार्थ्याने उघडली, तर खाली कुठे आहे हेच त्याला कळणार नाही.

एवढे पाहिल्यावर ताईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येते. वर्तुळाकडे नुसते टक लावून बसले तर अर्थ हाती लागत नाही. ते कोणाशेजारी बसते, कुठल्या उंचीवर बसते, त्याच्या जागी दुसरे काय येऊ शकले असते, हे पाहावे लागते. चिन्ह वाचण्याची ही रीत ज्या मराठी शास्त्रज्ञाने सर्वांत कसोशीने वापरली, त्याचे नाव विज्ञानाच्या पानांवर फार कमी येते. ते म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी.

मराठी वाचकाला कोसंबी माहीत आहेत ते इतिहासकार म्हणून. पोटापाण्याचा त्यांचा व्यवसाय गणिताचा होता. १९०७ साली गोव्यात जन्म, हार्वर्डला शिक्षण, मग बनारस, अलीगढ, पुण्याचे फर्ग्युसन आणि पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्था. अलीगढला त्यांचे सहकारी होते आंद्रे वेइल, ऐन पंचविशीतले फ्रेंच गणिती. वेइलच्या सुचवण्यावरून कोसंबींनी १९३१ साली एक शोधनिबंध लिहिला आणि त्यातला सिद्धांत ‘बुर्बाकी’ नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या नावावर घातला. पुढे वेइल आणि त्यांच्या मित्रांनी गट करून याच टोपणनावाने विसाव्या शतकातल्या गणिताची मांडणी बदलून टाकली. गणिताच्या छापील निबंधात हे नाव पहिल्यांदा आले ते एका गोवेकराच्या लेखणीतून.

याच गटाने रिक्त संचाचे चिन्ह रूढ केले, तिरपी रेघ मारलेले वर्तुळ. आपल्याकडे वर्गात त्याला सर्रास ‘फाय’ म्हणतात. ते ग्रीक फाय नव्हे आणि काट मारलेले शून्यही नव्हे. ते नॉर्वेजियन लिपीतले एक अक्षर आहे. गटात ती लिपी आपल्या एकट्यालाच येत होती, म्हणून हे चिन्ह आपण सुचवले, असे वेइल यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. म्हणजे ‘काहीच नाही’ असा अर्थ असलेले वर्तुळसुद्धा शून्याच्या घराण्यातले निघत नाही.

कोसंबींचे दुसरे वर्तुळ जीवशास्त्राच्या पुस्तकात आहे. वंशावळीत चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री. भरीव असेल तर तिला तो आजार आहे, मध्ये ठिपका असेल तर ती वाहक आहे. अशा वंशावळींतून किंवा पिकांच्या संकरांतून, एकाच गुणसूत्रावरची दोन जनुके किती वेळा एकमेकांपासून सुटतात ते मोजतात आणि त्यावरून त्यांच्यातले अंतर काढतात. अडचण अशी, की दूरच्या जनुकांमध्ये दोनदा देवघेव झाली तर ती वरून दिसतच नाही. जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९१९ साली दिलेल्या सूत्रात अशा देवघेवी एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या होत्या. प्रत्यक्षात एक देवघेव जवळच्या दुसरीला आडकाठी करते. ती आडकाठी हिशेबात धरणारे सूत्र कोसंबींनी १९४४ साली अवघ्या चार पानांत मांडले. आज पिकांच्या जनुकीय नकाशांवरच्या निबंधांत ‘कोसंबी फल’ वापरल्याचा उल्लेख वारंवार येतो. तो करणाऱ्या कितीतरी जणांना हेच कोसंबी प्राचीन भारताचा इतिहास लिहिणारे, याची कल्पना नसते. आपल्या पाठ्यपुस्तकांनी ही गाठ कधीच मारून द्यायला हवी होती.

आणि तिसरे वर्तुळ नाण्यांवरचे. आहत, म्हणजे ठसे मारून केलेले, नाणे भिंगाखाली धरून पाहावे. चांदीचा पत्रा कापून काढलेला ओबडधोबड तुकडा, वजन जुळवण्यासाठी कोपरे छाटलेला, जेमतेम साडेतीन ग्रॅमचा. एका बाजूला दाटीवाटीने पाच ठसे. त्यांत एक सूर्य. दुसरे षडरचक्र, म्हणजे मधल्या लहान वर्तुळातून निघालेले सहा आरे, त्यांच्या टोकांना कुठे बाण, तर कुठे वर्तुळावर चंद्रकोर ठेवल्यासारखी बैलाच्या तोंडाची खूण. या खुणांचे धार्मिक अर्थ लावण्यात पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. कोसंबींनी तो वाद बाजूला ठेवला आणि तराजू घेतला.

नाणे हातोहात फिरले की झिजते. म्हणून एकाच काळी पाडलेल्या नाण्यांचे सरासरी वजन वर्षागणिक उतरते, आणि सगळी सारखी झिजत नसल्यामुळे वजनांतला फरक वाढत जातो. हे पडताळायला त्यांनी आपल्या काळातली चलनी नाणीही तोलली. मग तक्षशिलेच्या साठ्यातल्या नाण्यांचे, पाच ठशांचा संच तोच असलेले गट पाडले आणि गटागटाची वजने काढली. नाण्याच्या पाठीवर बारीक खुणा असतात. त्या जितक्या जास्त, तितके वजन कमी, असे दिसले. म्हणजे नाणे ठरावीक काळाने तपासले जाई आणि तपासणारा पाठीवर खूण करी. ठशांतले एक अक्षरही वाचायला नसताना, कुठला गट जुना आणि कुठला नवा याचा क्रम आकडेमोडीतून लागला. मला विचाराल तर भारतीय पुरातत्त्वात संख्याशास्त्राचा इतका देखणा उपयोग दुसरा झालेला नाही.

ताईंच्या घरापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे. तिथे गोदाकाठी सातवाहनांची शिशाची आणि पोटिन या मिश्रधातूची नाणी सापडत आली आहेत. त्यांतल्या अनेकांवर ‘उज्जैन चिन्ह’ असते: अधिकचे चिन्ह आणि त्याच्या चारही टोकांना एकेक वर्तुळ. हे चार दिशांचे, की व्यापारी मार्गांच्या चौकाचे, की आणखी कशाचे, यावर मते पुष्कळ आहेत. कोसंबींची रीत इथे जशीच्या तशी लागू पडत नाही. शिसे मऊ असते, जमिनीत त्यावर क्षारांची पुटे चढतात आणि झिजेचा हिशेब वजनातून निघत नाही. इथे आधार घ्यावा लागतो तो शेजाराचाच. वर्तुळांसोबत हत्ती आहे की सिंह, राजाचे नाव कोणते आणि उत्खननात ते नाणे मातीच्या कुठल्या थरात, कुठल्या खापरांबरोबर आले. नदीकाठी सुटे उचललेले नाणे म्हणूनच अर्धे मुके असते. कुणाला असे नाणे सापडले, तर ते घासूनपुसून लखलखीत करू नये. जागेची नोंद करून, मातीसकट पुरातत्त्व खात्याकडे द्यावे.